डेस्कटॉप प्रोग्रॅमच्या डेटाबेसला एन्क्रिप्शन बसवताना नेमकं काय करावं लागतं

तुमच्या कॉम्प्युटरवर हिशोबाचा, सोसायटीच्या मेंटेनन्सचा किंवा दवाखान्याच्या नोंदींचा एखादा छोटा प्रोग्रॅम असेल, तर त्याचं फोल्डर उघडून बघा. डॉट डीबी किंवा डॉट एसक्यूलाइट असं शेवट असलेली एक फाईल तिथे बहुतेक सापडेल. तिची कॉपी करा आणि ती कॉपी नोटपॅडमध्ये उघडा. मूळ फाईल मात्र उघडू नका, कारण चुकून सेव्ह दाबलं गेलं तर ती बिघडेल. सगळ्यात वर ‘एसक्यूलाइट फॉरमॅट ३’ ही अक्षरं इंग्रजीत दिसतील. त्याखाली चौकोन, प्रश्नचिन्हं आणि अनोळखी खुणांचा गोंधळ असेल. जरा खाली सरकत गेलात की त्या गोंधळातून नावं दिसायला लागतात. इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली माणसांची नावं, मोबाइल नंबर, पत्ता. माझा प्रोग्रॅम दवाखान्यांसाठी आहे, त्यामुळे माझ्या फाईलमध्ये नावापुढे आजारही दिसत होता.

मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो पुढच्या गोष्टीने. चाचणीसाठी भरलेल्या ज्या नोंदी मी महिन्यापूर्वी डिलीट केल्या होत्या, त्याही तिथेच होत्या. एसक्यूलाइट म्हणजे अशा फाईलमध्ये नोंदी ठेवणारं डेटाबेसचं सॉफ्टवेअर. ते नोंद पुसतं म्हणजे ‘ही जागा आता मोकळी आहे’ एवढंच लिहून ठेवतं. तिथे दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनी अक्षरं तशीच राहतात. ‘सिक्युअर डिलीट’ नावाची सेटिंग चालू केली, तरच पुसलेल्या जागेवर शून्यं भरली जातात.

यात एसक्यूलाइटचा दोष नाही. रिचर्ड हिप यांनी २००० साली ते लिहायला घेतलं, ते अमेरिकी नौदलाच्या एका युद्धनौकेसाठी काम करत असताना. सर्व्हर नको, त्याची देखभाल करणारा माणूस नको, सगळा डेटाबेस एका साध्या फाईलमध्ये, अशी त्यामागची कल्पना होती. ती इतकी चांगली ठरली की आज तुमच्या फोनमध्ये, ब्राउझरमध्ये, सगळीकडे एसक्यूलाइट आहे. पण फुकट मिळणाऱ्या मूळ एसक्यूलाइटमध्ये एन्क्रिप्शन नाही, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात मजकूर ठेवण्याची सोय नाही. ते स्वतंत्रपणे बसवावं लागतं, आणि ते बसवण्याचं काम बाहेरून वाटतं त्याहून बरंच मोठं आहे.

मला ते करावं लागलं एका फोनमुळे. माझा प्रोग्रॅम वापरणाऱ्या एका डॉक्टरांचा लॅपटॉप बंद पडला आणि त्यांनी तो दुरुस्तीला दिला. दोन दिवसांनी त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी मला विचारलं, “अहो, माझे सगळे पेशंट त्या लॅपटॉपमध्ये आहेत. दुकानातल्या मुलाने बघितलं तर दिसेल का हो?” मी म्हणालो, “डॉक्टर, दिसेल.” त्यांनी विंडोजला पासवर्ड ठेवला होता. पण हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की तो पासवर्ड कोणी विचारत नाही. माझ्या प्रोग्रॅमलाही लॉगिन होतं. ते तर निव्वळ खिडकीवरचं लेबल होतं, कारण माझा प्रोग्रॅम न उघडताच फाईल वाचता येत होती.

अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणारं विंडोजचं बिटलॉकर किंवा मॅकचं फाइलव्हॉल्ट चालू असतं तर डिस्क वाचता आली नसती, आणि ते प्रत्येकाने चालू ठेवावंच. पण ते संरक्षण डिस्कपुरतं असतं. तीच फाईल पेन ड्राइव्हवर कॉपी केली, ईमेलने पाठवली किंवा क्लाउडवर बॅकअप म्हणून ठेवली, की ती उघडीच बाहेर पडते. दवाखान्यातला डेटा बाहेर जातो तो बहुतेक असाच. म्हणून संरक्षण फाईलच्या अंगाला चिकटलेलं हवं. फाईल जाईल तिथे ते जायला हवं.

घरगुती उपाय का चालत नाहीत

हे कळल्यावर पहिल्यांदा सुचतात ते सोपे उपाय. फाईलचं नाव बदला. शेवट डॉट डॅट करा. प्रत्येक अक्षर दोन घरं पुढे सरकवा. मी स्वतः एकेकाळी असा अक्षरं फिरवणारा कोड लिहिला होता, आणि तो पुरेसा आहे असं मनापासून वाटलं होतं.

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तरातले मोडी कागद आहेत. आपल्यापैकी बहुतेकांना त्यातली एक ओळ लागत नाही. पण म्हणून ते कागद गुप्त आहेत का? ज्याने मोडी शिकून घेतली त्याला ते धडाधड वाचता येतात, आणि मोडी काही महिन्यांत शिकता येते. अक्षरं फिरवणारा माझा कोड असाच होता. एकाने युक्ती ओळखली की माझ्या सगळ्या ग्राहकांच्या सगळ्या फाईली एकदम उघड्या. ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये लष्करी संकेतलेखनाबद्दल लिहिताना हेच सांगितलं होतं: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. आजचं सगळं चांगलं एन्क्रिप्शन या तत्त्वावर उभं आहे. त्याची पद्धत जगजाहीर असते, पुस्तकांत छापलेली असते, हजारो लोकांनी तपासलेली असते. तुमची असते ती फक्त किल्ली.

त्या पद्धतींमधली सगळ्यात रुळलेली म्हणजे एईएस. योआन डेमन आणि विन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन संशोधकांनी ती तयार केली आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने ती प्रमाण म्हणून स्वीकारली. तिचं गणित इथे उलगडत नाही. एवढं लक्षात ठेवा की ती एका वेळी १६ बाइटचा तुकडा घेते आणि किल्लीच्या मदतीने त्याचा ओळखू न येणारा १६ बाइटचा तुकडा करते. किल्ली २५६ बिटची असेल तर एकेक किल्ली लावून बघणं कोणत्याही कॉम्प्युटरच्या आवाक्यात नाही. एईएस स्वतः लिहायला जाऊ नका. तयार, तपासलेली लायब्ररी वापरा.

पानापानाला वेगळं कुलूप

आता प्रश्न असा की एन्क्रिप्ट नेमकं काय करायचं. दुकानातली रोजकीर्द डोळ्यांसमोर आणा. पहिला मार्ग म्हणजे अख्खी वही पेटीत बंद करणं. फाईलची पासवर्ड लावलेली झिप करणं म्हणजे हेच. पण एक नोंद करायची तरी पूर्ण वही बाहेर काढावी लागते, म्हणजे काम चालू असेपर्यंत डिस्कवर उघडी कॉपी पडलेली. मध्येच लाईट गेली तर ती तिथेच राहते. दुसरा मार्ग म्हणजे वहीतले काही रकानेच सांकेतिक भाषेत लिहिणं: नाव, आजार, फोन. हे सर्व्हरवर काही ठिकाणी योग्य असतं. पण छोट्या प्रोग्रॅममध्ये शोध आणि क्रमवारी दोन्ही मोडतात. ‘पाटील’ने सुरू होणारी नावं काढा म्हटलं तर डेटाबेसला ‘पाटील’ दिसतच नाही.

तिसरा मार्ग एसक्यूलाइटच्या रचनेतूनच निघतो. एसक्यूलाइटची फाईल म्हणजे सारख्या मापाच्या पानांची वही असते. हल्ली एक पान सहसा ४,०९६ बाइटचं असतं. वाचणं असो की लिहिणं, ते पानापानानेच होतं. मग डिस्कवर जाताना पान एन्क्रिप्ट करायचं आणि डिस्कवरून मेमरीत येताना उघडायचं. वरच्या थराला, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या एसक्यूएल या भाषेला, यातलं काही कळतही नाही. शोध, क्रमवारी, इंडेक्स सगळं पूर्वीसारखं चालतं.

झेटेटिक या कंपनीने २००८ मध्ये आणलेलं एसक्यूएलसायफर हेच करतं. त्याची मुक्त-स्रोत आवृत्ती आहे, मी तीच वापरतो. हिप यांच्याकडून विकत मिळणारं अधिकृत एक्स्टेन्शनही आहे, आणि ‘एसक्यूलाइट थ्री मल्टिपल सायफर्स’ नावाचा दुसरा मुक्त पर्यायही आहे. तत्त्व तिन्हींचं जवळजवळ एकच.

एसक्यूएलसायफरमध्ये एका पानाचं काय होतं ते जरा जवळून बघू, कारण ते फार विचारपूर्वक केलेलं आहे. प्रत्येक पानाच्या शेवटी थोडी जागा राखून ठेवायची सोय एसक्यूलाइटमध्ये मुळातच आहे. चौथ्या आवृत्तीत एसक्यूएलसायफर तिथे ८० बाइट घेतं. त्यातल्या १६ बाइटमध्ये दर वेळी नव्याने काढलेला एक यादृच्छिक आकडा असतो. तो कशाला? दोन पानांवर तंतोतंत एकच मजकूर असेल तर एन्क्रिप्शननंतरही ती पानं एकसारखी दिसतील, आणि ‘ही दोन सारखी आहेत’ एवढी माहितीसुद्धा बाहेर जाऊ नये. हा आकडा मिसळला की तोच मजकूर दर वेळी वेगळा दिसतो. उरलेले ६४ बाइट म्हणजे पानाचा शिक्का. जुन्या रजिस्टर पार्सलवर लाख लावून मोहोर उठवायचे, तसा. कोणी पानातला एक बिट जरी बदलला तरी शिक्का जुळत नाही आणि ते पान वाचायला नकार मिळतो. शिक्क्याच्या हिशोबात पान क्रमांकही धरलेला असतो, त्यामुळे पाचवं पान उचलून नवव्याच्या जागी ठेवण्याची लबाडीही पकडली जाते. ४,०९६ मधले ८० म्हणजे साधारण दोन टक्के जागा. वेगाबद्दल बनवणाऱ्यांचं म्हणणं आहे की फरक ५ ते १५ टक्क्यांइतका कमी राहू शकतो. माझ्या दवाखान्यांत तर कोणाला तो जाणवलाही नाही.

आणि ती सगळ्यात वरची ‘एसक्यूलाइट फॉरमॅट ३’ ही अक्षरं? ती बरोबर १६ बाइटची असतात आणि जगातल्या प्रत्येक एसक्यूलाइट फाईलमध्ये तीच असतात, म्हणून ती साठवायची गरज नसते. एसक्यूएलसायफर त्या जागेवर ‘सॉल्ट’ ठेवतं: प्रत्येक फाईलचा स्वतःचा, यादृच्छिक १६ बाइटचा आकडा. फाईल नोटपॅडमध्ये उघडली तर आता पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत कचरा दिसतो. ही डेटाबेसची फाईल आहे हेही ओळखता येत नाही.

पासवर्डपासून किल्लीपर्यंत

पासवर्ड म्हणजे किल्ली नव्हे. २५६ बिटच्या एईएसला ३२ बाइटची किल्ली लागते, आणि माणूस देतो ‘गणपती१२३’. मधला पूल बांधायला एक गणित असतं, त्याला पीबीकेडीएफ-२ म्हणतात. त्यात पासवर्ड आणि सॉल्ट घुसळले जातात, आलेलं उत्तर परत घुसळलं जातं, असं हजारो वेळा. एसक्यूएलसायफरच्या दुसऱ्या आवृत्तीत हे ४,००० वेळा व्हायचं, तिसऱ्यात ६४,००० वेळा, आणि २०१८ मध्ये आलेल्या चौथीत २,५६,००० वेळा. कॉम्प्युटर वेगवान होत गेले तसा हा आकडा वाढवावा लागला. मुद्दाम केलेला उशीर आहे हा. खऱ्या माणसाला तो दिवसातून एकदा सोसावा लागतो. अंदाजाने पासवर्ड लावत बसणाऱ्याला तो प्रत्येक प्रयत्नाला सोसावा लागतो.

पण या उशिरावर फार विसंबू नका. एका प्रयत्नाला पाव सेकंद लागतो असं धरू. चार आकडी पिनचे सगळे मिळून १०,००० प्रकार, म्हणजे २,५०० सेकंद. पाऊण तासाच्या आत फाईल उघडली. जन्मतारीख ठेवली असेल तर शंभर वर्षांतल्या सगळ्या तारखा मिळून साधारण ३६,५२५, म्हणजे अडीच तास. आणि हा हिशोब एका साध्या लॅपटॉपचा झाला. ग्राफिक्स कार्ड असलेली मशीन याहून कितीतरी वेगात चालते. म्हणून माझा प्रोग्रॅम आता पिन स्वीकारतच नाही. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द मागतो. ‘तांब्या रविवार पेरू सायकल मामा’ असं काहीतरी. लक्षात ठेवायला सोपं, अंदाज करायला अवघड.

प्रोग्रॅममध्ये बसवताना

इथून पुढचा भाग गणिताचा नाही, आणि माझा सगळा वेळ गेला तो इथेच.

एसक्यूएलसायफरला किल्ली द्यायची ती ‘प्राग्मा की’ या आज्ञेने. प्राग्मा म्हणजे एसक्यूलाइटला सेटिंग सांगणारी किंवा विचारणारी आज्ञा. डेटाबेस उघडल्यावर सगळ्यात आधी ती द्यायची. मी दिली, प्रोग्रॅम चालवला, नोंदी भरल्या, सगळं सुरळीत. संध्याकाळी सवयीने फाईल नोटपॅडमध्ये उघडली, तर वर ‘एसक्यूलाइट फॉरमॅट ३’ आणि खाली सगळी नावं. झालं होतं असं की बिल्ड करताना, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवताना, माझा प्रोग्रॅम एसक्यूएलसायफरऐवजी साध्या एसक्यूलाइटशी जोडला गेला होता. साध्या एसक्यूलाइटला न ओळखीची प्राग्मा दिली तर ते चूक दाखवत नाही, चुपचाप पुढे जातं. म्हणजे पासवर्डची चौकट दिसते, पासवर्ड विचारला जातो, आणि एन्क्रिप्शन शून्य. याहून धोकादायक बिघाड मला माहीत नाही, कारण त्यात सगळ्यांनाच सुरक्षित वाटत राहतं. तेव्हापासून माझा प्रोग्रॅम सुरू होताना ‘प्राग्मा सायफर व्हर्जन’ विचारतो. उत्तर रिकामं आलं तर तो पुढे जातच नाही. शिवाय नवी फाईल तयार झाली की तिचे पहिले १६ बाइट वाचून बघतो.

दुसरी अडचण चुकीच्या पासवर्डची. ‘प्राग्मा की’ दिल्यावर लगेच काही कळत नाही, ती फक्त किल्ली ठेवून घेते. पहिल्यांदा काही वाचायला गेलात की मग त्रुटी येते: ‘ही फाईल डेटाबेस नाही’, क्रमांक २६. पासवर्ड चुकला तरी हीच, फाईल खरंच बिघडली तरी हीच, आणि कोणी भलतीच फाईल निवडली तरी हीच. एन्क्रिप्ट केलेल्या फाईलला ‘मी कोण’ हे सांगताच येत नाही, त्यामुळे वेगळं उत्तर येणं शक्यच नाही. डॉक्टरांच्या पडद्यावर ‘ही फाईल डेटाबेस नाही’ असं आलं तर त्यांच्या पायाखालची जमीन सरकेल. मी तिथे ‘पासवर्ड जुळत नाही. कॅप्स लॉक आणि कीबोर्डची भाषा तपासा’ असं लिहिलं, आणि तीन प्रयत्नांनंतर बॅकअप तपासण्याचा सल्ला.

याच कारणाने ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’ हा लोकप्रिय मुक्त प्रोग्रॅम एन्क्रिप्टेड फाईल उघडताना पासवर्डबरोबर पानाचं माप, घुसळण्याची संख्या असंही विचारतो आणि ‘तिसऱ्या आवृत्तीप्रमाणे’, ‘चौथ्या आवृत्तीप्रमाणे’ असे तयार पर्याय देतो. फाईल कोणत्या आवृत्तीने बनवली हे तिच्याकडे बघून कळत नाही. लावून बघावं लागतं. तुमच्या प्रोग्रॅममध्ये वापरकर्त्याला यात पाडू नका, आवृत्ती स्वतः कुठेतरी नोंदवून ठेवा.

दोन बारीक गोष्टी ओघात सांगतो. पासवर्डमध्ये एकेरी अवतरणचिन्ह असेल तर ‘प्राग्मा की’चं वाक्य मध्येच तुटतं, म्हणून ते चिन्ह दोनदा लिहावं लागतं किंवा थेट सी भाषेतलं फंक्शन वापरावं लागतं. आणि तुमचा प्रोग्रॅम चाचणीसाठी प्रत्येक एसक्यूएल वाक्य लॉग फाईलमध्ये लिहीत असेल, तर ‘प्राग्मा की’सुद्धा पासवर्डसकट तिथे लिहिली जाते. डेटाबेसच्या शेजारीच, उघड्या अक्षरांत. आजच बघून घ्या.

आधीपासून भरलेल्या डेटाचं काय

नवी फाईल एन्क्रिप्टेड बनवणं सोपं. माझ्या ग्राहकांकडे मात्र वर्षानुवर्षांचा डेटा साध्या फाईलमध्ये होता. किल्ली बदलण्यासाठी ‘रीकी’ नावाची आज्ञा आहे, पण ती आधीच एन्क्रिप्टेड असलेल्या फाईलसाठी. साध्या फाईलला तिने एन्क्रिप्ट करता येत नाही. करायचं ते असं: जुनी फाईल उघडायची, एक नवी रिकामी फाईल किल्लीसकट तिला जोडायची, आणि ‘एसक्यूएलसायफर एक्सपोर्ट’ या फंक्शनने सगळं नव्या फाईलमध्ये ओतायचं.

यातही मी ठेचकाळलो. एसक्यूलाइटच्या फाईलमध्ये ‘युजर व्हर्जन’ नावाचा एक आकडा ठेवता येतो. फाईलची रचना कितव्या सुधारणेची आहे हे माझा प्रोग्रॅम त्यावरून ओळखतो. एक्सपोर्ट करताना सगळी टेबलं जातात, हा आकडा जात नाही. नव्या फाईलमध्ये तो शून्य राहतो. प्रोग्रॅमला शून्य दिसलं आणि त्याने ‘ही तर कोरी फाईल’ असं समजून टेबलं नव्याने बनवायला घेतली. टेबलं आधीच असल्यामुळे तो त्रुटी देऊन थांबला, म्हणून वाचलो. हा आकडा हाताने उचलून ठेवावा लागतो.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा. नवी फाईल वेगळ्या नावाने बनवा. बंद करून पासवर्डने पुन्हा उघडा. शिक्के तपासणारी आज्ञा चालवा. प्रत्येक टेबलमधल्या ओळी मोजून जुन्याशी ताडा. सगळं जुळलं की मगच नावांची अदलाबदल करा. मध्ये कुठेही वीज गेली तरी जुनी फाईल जागेवर असली पाहिजे.

आणि शेवटी जुनी फाईल डिलीट करा. पण डिलीट म्हणजे काय हे आपण सुरुवातीला बघितलंच. डिस्कसुद्धा एसक्यूलाइटसारखीच वागते, नाव खोडते आणि मजकूर ठेवते. हल्लीच्या एसएसडीवर तर वरून शून्यं लिहिली तरी ती त्याच जागी पडतील याची खात्री नसते. म्हणून बिटलॉकरही हवंच, दोन्ही एकमेकांना पूरक आहेत.

किल्ली कुठे ठेवायची

कुलूप इतकं मजबूत झाल्यावर सगळा भार किल्लीवर येतो. डॉक्टर म्हणाले, “रोज पासवर्ड टाकायचा? आमच्या कंपाउंडरला ते जमायचं नाही. लक्षात ठेवा ना तुमच्या प्रोग्रॅममध्येच.” लक्षात ठेवायचा म्हणजे कुठेतरी लिहायचा. लिहायचा तर कुठे?

हा प्रश्न मोठमोठ्यांनाही सुटायला वेळ लागलेला आहे. सिग्नल या मेसेजिंग ॲपची डेस्कटॉप आवृत्ती संदेश एसक्यूएलसायफरच्या डेटाबेसमध्ये ठेवते. तिची किल्ली शेजारच्याच एका सेटिंग फाईलमध्ये साध्या अक्षरांत असल्याचं २०१८ मध्ये चर्चेत आलं. बनवणाऱ्यांचं म्हणणं होतं की कॉम्प्युटरवर साठवलेल्या डेटाचं रक्षण करण्याचा दावा आम्ही केलेलाच नाही. २०२४ मध्ये पुन्हा चर्चा झाली आणि त्यांनी किल्ली ऑपरेटिंग सिस्टिमच्या तिजोरीत ठेवण्याचं काम हाती घेतलं. विंडोजमध्ये ती सोय डीपीएपीआय या नावाने आहे, मॅकमध्ये कीचेन. त्यात ठेवलेली किल्ली त्या माणसाने लॉगिन केल्यावरच मिळते. डिस्क काढून नेणाऱ्याला ती मिळत नाही. मात्र विंडोज फॉरमॅट केलं की तीही जाते, आणि मग बॅकअपची फाईल असून नसल्यासारखी.

म्हणून मी दुहेरी रचना केली. डेटाबेसची खरी किल्ली ३२ यादृच्छिक बाइटची, ती कोणी टाइप करत नाही आणि कोणाला माहीतही नसते. ही किल्ली तीन छोट्या डब्यांत ठेवलेली असते. एक डबा डॉक्टरांच्या पासवर्डने उघडतो, दुसरा विंडोजच्या तिजोरीने, तिसरा एका लांबलचक रिकव्हरी कोडने. पासवर्ड बदलला तर फक्त पहिला डबा बदलायचा, अख्खा डेटाबेस नव्याने एन्क्रिप्ट करायची गरज नाही. लिनक्समधलं डिस्क एन्क्रिप्शन याच पद्धतीने एका डिस्कला अनेक पासवर्ड देतं. एक काळजी मात्र घ्यावी लागते. अशी तयार किल्ली दिली की एसक्यूएलसायफर पासवर्ड घुसळण्याचं काम करत नाही, ते तुमच्या कोडला करावं लागतं. आणि पासवर्डचा आणि कोडचा असे दोन डबे ज्या छोट्या फाईलमध्ये असतात, ती बॅकअपबरोबर गेलीच पाहिजे.

एक गोष्ट फक्त आपल्यासारख्यांना भेडसावणारी, आणि ती मला कुठल्याही इंग्रजी लेखात सापडली नाही. देवनागरी पासवर्ड. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या मानकात, दोन प्रकारे लिहिता येतं: एकसंध, किंवा ‘अ’ला चंद्र जोडून. ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र पण तसाच: ‘ऱ’ला हलन्त लावून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. बाइट मात्र वेगळे, म्हणून किल्ली वेगळी, म्हणून ‘पासवर्ड जुळत नाही’. एका कीबोर्डवर ठेवलेला पासवर्ड दुसऱ्या कीबोर्डवर टाइप केला की माणूस आपल्याच डेटाबाहेर राहतो, आणि पासवर्डच्या चौकटीत ठिपकेच दिसत असल्यामुळे त्याला कारण कळायची सोयही नाही. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने ‘र’खाली नुक्ता देऊन लिहिलेला ‘ऱ’ एकसंध ‘ऱ’शी जुळतो, पण वरच्या दोन्ही जोड्या जुळत नाहीत. त्यांच्यासाठी मी स्वतः एक छोटं कोष्टक ठेवलंय. पासवर्ड घुसळण्याआधी अशी सगळी रूपं एका ठरावीक रूपात आणली जातात. मराठीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे कराच.

एन्क्रिप्शन काय करत नाही हेही मी डॉक्टरांना सांगितलं. प्रोग्रॅम उघडा असताना किल्ली मेमरीत असते, त्या वेळी मशीनमध्ये व्हायरस असेल तर त्याला सगळं दिसतं. एक्सेलमध्ये काढलेली यादी, पीडीएफ रिपोर्ट हे उघडेच असतात. माझ्या प्रोग्रॅममधलं ‘यादी काढा’ हे बटण आता आधी विचारतं की यादी कोणाला द्यायची आहे, आणि ती कुठे सेव्ह झाली याची नोंद ठेवतं. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण मला त्या आकड्यापेक्षा नोटपॅडमध्ये दिसलेलं एक नाव आणि त्यापुढचा आजार जास्त आठवतो.

नवी आवृत्ती बसवायला मी दवाखान्यात गेलो तेव्हा निम्मा दिवस जुन्या कॉप्या शोधण्यात गेला. टेबलाच्या खणात दोन पेन ड्राइव्ह, डेस्कटॉपवर ‘नवीन फोल्डर ३’ मध्ये एक, डॉक्टरांच्या ईमेलमध्ये त्यांनी स्वतःलाच पाठवलेली एक. सगळ्या काढून टाकल्या. रिकव्हरी कोड कागदावर छापून डॉक्टरांनी लिफाफ्यात घातला. मग मी माझा लॅपटॉप काढला, त्यावर प्रोग्रॅम नव्याने टाकला आणि फक्त बॅकअपचं फोल्डर कॉपी करून घेतलं. डॉक्टर लिफाफ्यातला कोड चार-चार अक्षरं करत वाचत गेले, मी टाइप करत गेलो. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा पेशंटची यादी उघडली. डॉक्टरांनी पहिल्या चार नोंदी मोठ्याने वाचून खात्री केली, मी माझ्या लॅपटॉपवरून ते फोल्डर काढून टाकलं, आणि लिफाफा घरच्या कपाटात एफडीच्या पावत्यांबरोबर ठेवतो म्हणत त्यांनी तो बॅगेत टाकला.